उचंत खात्यातील जीव

आळंदीच्या परिसरातील काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा; त्यात समुद्री जीवांचे ठसे शोधणे व्यर्थ. त्यासाठी भोपाळजवळच्या भीमबेटकाकडे वळावे लागते. तेथील चित्रित गुहा डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये प्रकाशात आणल्या.

याच गुहांपैकी एकीच्या छताजवळ २०२० मध्ये भूशास्त्रज्ञांना पानासारखा, शिराळ ठसा दिसला. पुढील वर्षी ग्रेगरी रेटलॅक व सहकाऱ्यांनी तो ‘डिकिन्सोनिया’चा असल्याचे जाहीर केले.

डिकिन्सोनिया हे मुळातच गूढ प्रकरण. रेजिनाल्ड स्प्रिग यांना १९४६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या एडियाकारा टेकड्यांत अशा जीवांचे पहिले ठसे गवसले. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर पसरलेला हा लंबगोल, पट्टेदार जीव कधी काही मिलिमीटरांचा, तर कधी मीटरहून मोठा. मात्र ठशांत तोंड दिसत नाही, पाय दिसत नाहीत. कोणी त्यास जेलीफिश मानले, कोणी कृमी, कोणी अवाढव्य एकपेशीय जीव. रेटलॅक यांनी तर चक्क दगडफूल! म्हणजे आपल्या परिभाषेत तो एकेंद्रिय की त्रस, येथूनच वाद. रशियातील श्वेत समुद्राकाठच्या अवशेषांत कोलेस्टेरॉलचे अंश सापडल्याने २०१८ मध्ये तो प्राणी असल्याचा सबळ पुरावा मिळाला. तरीही त्याचे कूळ ठरलेले नाही. रक्कम खरी, पण कोणत्या नावे जमा करावी हे न कळल्याने उचंत खात्यात पडून राहावी, तशी त्याची स्थिती आहे.

भीमबेटकाच्या ठशाला महत्त्व होते ते खडकांच्या वयामुळे. ठसा खरा असता, तर तेथील विंध्य खडक सुमारे ५५ कोटी वर्षांचे ठरले असते. फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट यांच्या आधीच्या कालमापनानुसार मात्र ते सुमारे १०० कोटी वर्षांचे. फरक थोडाथोडका नव्हे, जवळजवळ दुपटीचा.

मीर्ट व सहकाऱ्यांनी गुहा प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा तो ‘जीवाश्म’ खडकापासून सुटू लागला होता. अस्सल ठसा खडकाचाच भाग असतो, तो असा पापुद्र्यासारखा निघत नाही. शेजारी आग्या मधमाश्यांची पोळी होती; हा ठसाही अशाच एका जीर्ण पोळ्याचा निघाला. चतुरिंद्रिय मधमाश्यांनी विद्वानांना चकवले म्हणायचे! २०२३ मध्ये हे प्रसिद्ध होताच रेटलॅक यांनी आपली चूक उघडपणे मान्य केली आणि विंध्य खडकांचे जुने वय तूर्त कायम राहिले.