मुळांचा भागीदार आणि नत्राचा हिशेब

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असले, तरी पिकाला ते थेट घेता येत नाही. मातीतील अमोनियम व नायट्रेट या रूपांतच ते प्रामुख्याने मुळांना लाभते. त्यातही नायट्रेट पाण्याबरोबर सहज खाली पाझरते आणि विहिरीत उतरते. पैसे मोजून घातलेल्या युरियाचा बराच अंश असा पिकाच्या उपयोगी न पडताच निघून जातो.

ही गळती कमी करणारा एक मूक भागीदार मातीतच असतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांनी १८८५ मध्ये त्यास ‘मायकोरायझा’, म्हणजे कवक-मूळ, असे नाव दिले. ज्वारी, तूर, कापूस, कांदा यांच्या मुळांत हे कवक वस्ती करते. मूळ जेथे पोहोचत नाही, तेथे त्याचे अतिसूक्ष्म तंतू शिरतात. स्फुरद आणि काही प्रमाणात नत्र वाहून आणतात. मोबदल्यात वनस्पती त्यास शर्करा व स्निग्ध पदार्थ देते. वाहून जाऊ शकणारे नत्र त्यामुळे वेळीच उचलले जाते.

मात्र हे कवक हवेतील नत्र स्थिर करीत नाही. ते कार्य तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींत राहणाऱ्या जिवाणूंचे; कवक त्या गाठींना लागणारा स्फुरद पुरविते. स्फुरदयुक्त खताचा अतिरेक झाला, की वनस्पती ही भागीदारी आवरती घेते. वारंवार नांगरट केल्यास तंतूंचे जाळे तुटते. कोबी-मोहरीच्या कुळाशी तर या कवकाचे सहसा नातेच जुळत नाही.

खतविक्रीच्या पेढीवर हा भेद जाणणे अगत्याचे आहे. मायकोरायझा जैविक खत म्हणून विकले जाते. ते ‘हवेतून नत्र देणारे’ म्हणून खपविणे किंवा कोबीच्या शेतकऱ्याच्या गळ्यात मारणे योग्य नव्हे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे, तो एकाच्या नावाखाली दुसरे देण्याचा. नसलेला गुण सांगून माल देणे त्याहून फारसे वेगळे नाही.

शिवाय पुडीतील माल सजीव असतो. तापलेल्या पत्र्याखाली ठेवल्यास ते कवक मरते आणि उरते ती निव्वळ भुकटी. म्हणून ती सावलीत ठेवावी, मुदत पाहावी आणि विक्रीपूर्वी पीक कोणते ते विचारावे. यात श्रावकाची दया आणि व्यापाऱ्याची पत, दोन्ही जपली जातात.