उंबर तोडताना केंबरांचाही हिशेब धरा

जिल्ह्यातला कोणताही रस्ता रुंद व्हायला निघाला की काठच्या झाडांवर आधी रंगाचे आकडे पडतात. त्यांत एखादा जुना उंबर असतोच. तो जातो आणि भरपाई म्हणून दुभाजकात कण्हेर, कडेला गुलमोहर लागतो. एका झाडाच्या बदल्यात पाच झाडं, म्हणजे हिशेब चुकता. उंबराच्या बाबतीत हा हिशेब चुकीचा आहे, असं माझं ठाम म्हणणं आहे. का, ते उंबरातली केंबरं सांगतील.

मोताळ्याकडच्या शाळेत विज्ञान शिकवताना मी उंबर फोडून पोरांसमोर धरायचो. "गुरुजी, किडे हाये यात!" असा एकच गलका व्हायचा. मग भिंग हातोहात फिरायचं. उंबर म्हणजे फुलांची आत वळलेली पिशवी; शेकडो बारीक फुलं आत आणि टोकाशी एक अरुंद दार. त्या दारातून जेमतेम दोन मिलिमीटरची केंबराची मादी घुसते. सेराटोसोलेन फ्युसिसेप्स हे तिचं शास्त्रीय नाव, गांधीलमाशीच्या दूरच्या गोतावळ्यातली. घुसताना पंख तुटतात, मिशा मोडतात. छातीच्या खिशांतून आणलेले पराग ती फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी बिनपंखी नर आधी बाहेर पडतात, माद्यांशी मीलन करतात, उंबराच्या भिंतीला भोक पाडतात आणि मरून जातात. त्या भोकातून, खिशात नवे पराग भरून, माद्या उडतात. हाताशी आयुष्य एक-दोन दिवसांचं.

खरी अडचण इथून पुढे आहे. एका झाडावरची उंबरं साधारण एकदमच तयार होतात, त्यामुळे या मादीला आपल्या झाडावर कोवळं उंबर सापडत नाही. कोवळी उंबरं लागलेलं दुसरं झाड तिला वासावरून आणि तेही लगेच गाठावं लागतं. म्हणजे परिसरात बारा महिने कुठला ना कुठला उंबर तिच्यासाठी तयार हवा. एक झाड तुटलं की वर्षातले काही दिवस रिकामे पडतात. ते रिकामे दिवस पाच गुलमोहर कसे भरून काढणार?

माशीला कामाला लावणारी फुलं जगात पुष्कळ आहेत. ऑस्ट्रेलियात एडिथ कोलमन यांनी 1927 मध्ये दाखवून दिलं की एका ऑर्किडच्या फुलाला मादी समजून नर माशी त्याला झोंबते आणि पराग घेऊन जाते. तिला मोबदला काहीच नाही. ऑर्किड नाहीसं झालं तरी ती माशी जगेल. उंबर मात्र केंबरांची पिल्लं पोसतो. उंबर गेला तर केंबरू गेलं, आणि केंबरू गेलं तर उंबराला बी धरणार नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांचे सहकारी याच झाडाचा आणि त्यातल्या माश्यांचा अभ्यास करत आले आहेत. बाहेरूनच उंबराला छिद्र पाडून अंडी घालणाऱ्या एका परोपजीवी माशीच्या सुईच्या टोकाला जस्त असतं, हे त्याच संस्थेतल्या संशोधकांनी 2014 मध्ये मांडलं. निसर्गाने एवढी कारागिरी एका उंबरात भरून ठेवली आहे, आणि आपण तो दोन तासांत आडवा करतो, याची मला चीड येते.

शिवाय हरियल, वटवाघळं, अस्वलं उंबरावर पोट भरतात. जंगलात खायला उरलं नाही की अस्वल शेतात येतं, हे ज्ञानगंगा आणि अंबाबरवा अभयारण्यांच्या कडेच्या गावांना वेगळं सांगायला नको.

टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला वाघ 2019 च्या डिसेंबरात ज्ञानगंगेत पोहोचला, तेव्हा वाघाला जोडलेली जंगलं हवीत हे साऱ्या जिल्ह्याला पटलं. केंबरांनाही झाडांची अशीच साखळी हवी. म्हणून रस्त्याच्या आखणीतच उंबर वेगळे नोंदवावेत आणि जमेल तिथे रस्ता थोडा वळवावा. तोडणं अटळच असेल तर बदल्यात उंबरच लावावा, तोही दुभाजकात नव्हे, जवळच्या नाल्याकाठी. रोपं विकत आणायची गरज नाही. पाखरांच्या विष्ठेतून विहिरींच्या कठड्यांवर उगवलेली कितीतरी सापडतात. पहिला पाऊस पडला की ग्रामपंचायतींनी ती अलगद काढून नाल्याकाठी लावावीत आणि पहिले दोन उन्हाळे पाणी घालायची जबाबदारी कोणाची, ते ठरावात नावानिशी लिहावं.