करडाला नाव ठेवायचं नसतं म्हणे

करडाला नाव ठेवू नये, जीव लागतो, असं आमच्याकडची जाणती माणसं सांगतात. मला ते कधीच पटलं नाही. बैलाला सर्जा म्हणायचं, गाईला कपिला, दारातल्या कुत्र्याला मोती. शेळीच्या पिल्लाला मात्र नुसतं 'करडू'. का? तर ते विकायचंय. मग म्हातारा बैल काय कुणी विकलाच नाही? पोळ्याला त्याच्या शिंगांना हिंगूळ लावणारी माणसंच त्याला बाजारात नेत होती, नावासकट.

आमची उस्मानाबादी शेळी एका पावसाळ्यात जुळं व्यायली. त्यातलं एक मरतुकडं, आचळाला लागेना. आईनं बाटलीनं दूध पाजून ते चुलीपाशी वाढवलं. पुढं त्यानं अण्णांनी आणून ठेवलेल्या सातबाऱ्याचा कोपरा खाल्ला. आम्ही भावंडांनी तिथल्या तिथं नाव ठेवलं, तलाठी. (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. एवढं लांबलचक नाव हाकेला कामाचं नाही.) एकदा खरे तलाठी भाऊसाहेब ओट्यावर चहा पीत बसलेले आणि आतून आई ओरडली, "तलाठ्या, मेल्या, पिठात तोंड घातलंस!" भाऊसाहेबांचा कप हातातच राहिला. नाव असं खोडीतून यावं. पुण्याचा भाचा मोबाइलवर यादी बघून पिल्लाचं नाव ठेवतो; त्याच्या सोसायटीत तीन ब्रुनो आहेत.

अण्णा चिडले. "कापायच्या जनावराला नावं कसली ठेवता रे?" त्यांनी ते नाव एकदाही तोंडात घेतलं नाही. पुढल्या बकरी ईदेच्या आधी बोकड आठवडी बाजारात गेला. विकला म्हणून माझी तक्रार नाही. शेळी पाळायची ती अडीनडीला विकायलाच, आणि त्या साली नड होतीच.

पण त्या रात्री अण्णा भाकरीचा एक तुकडा मोडून तसेच उठले. नाव न घेताही जीव लागायचा तो लागलाच होता की! मग नाव न ठेवून साधलं काय? बोलायची तेवढी सोय झाली. कुणी विचारलं तर 'एक काळं बोकड गेलं' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मला तसं म्हणायचं नाही. आमच्याकडून तलाठी गेला.

यंदा पुन्हा एक करडू चुलीपाशी आहे. नातीनं त्याला नाव ठेवलंय. इथं लिहीत नाही, त्या नावाचे आमचे व्याही आहेत.