थंडी जात पाहत नाही, पण छप्पर पाहते

"थंडी सगळ्यांनाच लागते, त्यात जात कुठून आणता?" हिवाळ्याच्या हवामानावर बोलायला लागलो की हा प्रश्न हमखास येतो. कधी कधी तो आपल्याच कार्यकर्त्यांकडून येतो. उत्तर सरळ आहे. थंडी जात पाहत नाही, पण ती भिंत पाहते, छप्पर पाहते, अंथरूण पाहते. आणि कोणाला पक्की भिंत मिळाली, कोणाला ताडपत्री मिळाली, हे या देशात जातीने ठरवले आहे.

दरवर्षी डिसेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यातील निफाडचे नाव बातम्यांत येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पहाटे नोंदलेले किमान तापमान दुसऱ्या दिवशी मथळा होते: पारा घसरला, द्राक्ष बागायतदार धास्तावले. ही बातमी खोटी नाही. कडाका वाढला की द्राक्षमण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात, कर्ज काढून उभी केलेली बाग हातची जाऊ शकते. म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतो, ठिबकचे पाणी सोडतो. ते त्याने करावेच. आपलेही काही बांधव छोटे शेतकरी आहेत.

प्रश्न पुढचा आहे. पेठ, सुरगाण्याकडून आलेला आदिवासी मजूर त्याच बागेच्या बांधावर झोपतो. ऊसतोडीचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, लेकरांसह पाचटाच्या कोपीत राहते आणि पहाटेच्या अंधारात दवाने भिजलेल्या फडात उतरते. गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीत पत्र्याखाली म्हातारी माणसे कुडकुडत रात्र काढतात. यांच्यासाठी मथळा का होत नाही? द्राक्षाच्या घडाला मालक आहे, बाजारभाव आहे, म्हणून त्याची थंडी बातमी होते.

आता अंदाज म्हणजे नेमके काय, ते समजून घेऊ. भारतीय हवामान विभाग नोव्हेंबरअखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी पुढच्या तीन महिन्यांचा, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीचा, अंदाज देतो. किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील की कमी, थंडीच्या लाटेचे दिवस वाढतील की घटतील, हे तो मोठ्या प्रदेशासाठी आणि शक्यतेच्या भाषेत सांगतो. "यंदा थंडी कमी" असे वाचून निर्धास्त होणे चूक आहे. तीन महिन्यांची सरासरी उबदार निघाली, तरी मधल्या चार रात्री जीवघेण्या असू शकतात. उत्तरेकडून कोरडे गार वारे आले, आकाश निरभ्र राहिले, की जमिनीतली उष्णता रात्रभर निघून जाते आणि पहाटे पारा कोसळतो. माणूस सरासरीत मरत नाही, एका रात्रीत मरतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मैदानी भागात थंडीची लाट कधी म्हणायची, याचे निकष आहेत: किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी, किंवा थेट 4 अंश व त्याखाली. हे तापमान मोजणारा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उघड्या जमिनीलगतची हवा त्याहून काही अंश थंड असते. म्हणजे कोपीत जमिनीवर झोपलेल्या मजुराची रात्र ही बातमीतल्या आकड्यापेक्षा थंड असते. निकष पुरा झाला नाही म्हणून "लाट" जाहीर होत नाही आणि तो माणूस मात्र लाटेत असतो. विज्ञान खोटे बोलत नाही. पण आकडा कोणाच्या अंगाला लावून वाचायचा, हे आपण ठरवले पाहिजे.

अंदाजानंतर येतो सल्ला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान पत्रिकेत गहू, हरभरा, द्राक्ष यांची काळजी कशी घ्यावी ते असते. गोठ्याला गोणपाट बांधा, हेही असते. माणसांसाठीही इशारा निघतो: उबदार कपडे घाला, गरज नसेल तर बाहेर पडू नका, घरात थांबा. पण ज्याने मुकादमाकडून उचल घेतली आहे, ज्याचा खाडा झाला तर मजुरी बुडते, तो कुठल्या घरात थांबणार? हा सल्ला घर असलेल्यांसाठी लिहिलेला आहे.

25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हाही हिवाळाच होता. त्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे आणि प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, असा दंडक आहे. निवारा आणि वस्त्र, थंडीपासून वाचवणाऱ्या याच दोन गोष्टी धर्माच्या नावाने हिरावल्या गेल्या. ग्रंथ जळाला, पण वस्ती अजून गावाबाहेरच आहे. आणि वस्त्राच्या जागी आली आहे पुढाऱ्याच्या वाढदिवसाची घोंगडी, फोटोसह. घोंगडी देणाऱ्यावर राग नाही. पण हक्काच्या जागी दान स्वीकारायची सवय लागली, तर चळवळ संपते.

आणि हक्क कागदावर आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत पूर, दुष्काळ, गारपीट यांच्याबरोबर थंडीची लाटही आहे. मृत्यू झाल्यास वारसाला 4 लाख रुपयांची तरतूद आहे. अट एकच, मृत्यूच्या कारणाचे अधिकृत प्रमाणपत्र. इथेच गोम आहे. पहाटे कोपीत गारठून गेलेल्या म्हाताऱ्याचे शवविच्छेदन कोण करतो? "वय झाले होते" एवढ्यावर विषय मिटतो. कारण लिहिलेच गेले नाही, तर थंडीने कोणी मेलेच नाही असे सरकार निवांत म्हणू शकते.

म्हणून गावागावांतील भीमसैनिकांनी पुढची कामे हाती घ्यावीत. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हिवाळ्याचा विषय लेखी मांडा. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील मागासवर्गीयांसाठीचे 15 टक्के कुठे खर्च झाले, त्याचा हिशेब मागा. रमाई आवासची प्रकरणे जागेच्या कागदासाठी अडली असतील, तर त्यांची यादी करून गटविकास अधिकाऱ्यासमोर बसा. इशारा आला की शाळेची खोली किंवा समाजमंदिर रात्री मजुरांसाठी उघडा, मग ते कुठल्याही जातीचे असोत. कोपीत झोपताना शेकोटी आत ठेवू नका हे सांगा. पाचट पेट घेते आणि बंद जागेतला धूर झोपेतच जीव घेतो. संशयास्पद मृत्यू झाला, तर नोंदीचा आग्रह धरा.

हे तातडीचे झाले. मुळाचे उत्तर बाबासाहेबांनी 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये दिले आहे: शेती राज्याच्या मालकीची करा आणि जातिभेद न करता कसायला द्या, म्हणजे जमीनदार राहणार नाही आणि भूमिहीन मजूरही राहणार नाही. ते होईपर्यंत दर हिवाळ्यात अंदाज येत राहील आणि मालकाच्या पिकासाठी वाचला जाईल. यंदा तो वस्तीत, चौकात, आपल्या माणसांसाठी मोठ्याने वाचायला सुरुवात करा.

जय भीम!