परमिट रूमचं दुपारचं ताट

जुन्या परमिट रूमचं नूतनीकरण कसं करायचं, याचा साचा आता ठरून गेला आहे. काळ्या काचा जातात, फॉल्स सीलिंग आणि रंगीत एलईडी येतात, एक हॉल एसी होतो आणि पाटीवर ‘फॅमिली रेस्टॉरंट’ ही ओळ वाढते. मेनू कार्ड तेवढं जुनंच राहतं: पनीर, काजू करी, बटर नान. परभणी जिल्ह्यात तरी हा हिशेब उलटा मांडायला हवा. पहिला खर्च दुपारच्या जेवणावर व्हावा, कारण दारूचं उत्पन्न मालकाच्या हातात नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून महामार्गालगतची मद्यविक्री बंद झाली, तेव्हा रस्त्याकडेच्या अशा जागांना विकायला फक्त जेवण उरलं. पालिका हद्दीला पुढे सूट मिळाली; पण नोव्हेंबर २०२३ मध्ये परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला, २०२५ मध्ये उत्पादन शुल्क वाढलं आणि १४ जुलैला राज्यभरातल्या बारमालकांनी निषेध म्हणून धंदा बंद ठेवला. भुकेवर अजून कुणी जीआर काढलेला नाही.

आणि दुपारची भूक परभणीत भरपूर आहे. कोर्टाची तारीख, कलेक्टर ऑफिस, मोंढा, दवाखाना अशा कामांसाठी तालुक्यातून आलेली माणसं दीड-दोनला जेवायला जागा शोधत असतात, कितीदा तरी बायकामुलांसह. त्यांना नान नकोच असतो असं नाही. पण ज्वारीच्या जिल्ह्यात भाकरी मागितल्यावर ‘रोटी चालंल का?’ असं ऐकावं लागणं लाजिरवाणं आहे. इथल्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटसोबत लोह आणि जस्त जास्त असलेलं ‘परभणी शक्ती’ हे वाण २०१८ मध्ये दिलं. ते गावातल्या हॉटेलच्या ताटात का दिसू नये?

भाकरी परवडत नाही, असं हॉटेलवाले म्हणतील. तक्रार खरी आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हाचा चिवटपणा नाही. पीठ जुनं झालं की विरी जाते, मग कितीही मळा, थापताना कड चिरतेच. तव्यावर टाकल्यावर पाणी फिरवायला उशीर झाला की पापुद्रा सुटत नाही. म्हणूनच सजावटीतून पैसा वाचवून तो ताज्या दळणावर आणि भाकरी करणाऱ्या बायकांच्या नियमित पगारावर घालावा. सोबत येसराची आमटी, अंबाडीची भाजी, ठेचा असला की पनीरची आठवण कुणाला होणार? दुसरा आक्षेप जास्त जड आहे: दारू मिळते तिथे बायकापोरांनी बसायचंच कशाला? दारूने मोडलेली घरं मराठवाड्याने पुष्कळ पाहिली आहेत, तेव्हा तो झटकून टाकता येत नाही. आत जायची वाट बारच्या टेबलांमधून असेल आणि स्वच्छतागृह सगळ्यांना मिळून एकच असेल, तर ‘फॅमिली’ ही पाटी फसवीच. वेगळं दार हवं, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह हवं, आणि बारा ते चार फक्त जेवण. दुपारची काही गिऱ्हाइकं तुटतील, तुटू द्यावीत. चारपर्यंत बाटली टेबलावर येणार नाही, हा नियम मालकाला स्वतःच करता येतो. त्यासाठी एक्साइजच्या कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत.