पगार न घटताही माणसं का बिथरली?

संरक्षण किंवा अणुऊर्जेच्या गोपनीय कामाला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत, अशी ओरड झाली की एक उत्तर तयारच असतं : खासगी कंपन्या जास्त देतात, तुम्हीही पगार वाढवा. दुसरी मंडळी याच्या उलट टोकाला. ही देशसेवा आहे, तिथे हिशेब कसला मांडता? आमच्या मते दोघांनीही या नोकरीकडे नीट पाहिलेलं नाही.

पहिल्यांना एकच उदाहरण पुरे. 1 ऑक्टोबर 2021 रोजी देशातल्या 41 आयुध निर्माणींच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांत आपल्याकडच्या खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, अंबरनाथही होत्या. पगार कमी झाला नाही. सेवाशर्ती बिघडणार नाहीत, असं सरकारने सांगितलं आणि कामगारांना तूर्त प्रतिनियुक्तीवर धरलं. तरीही कंपन्या करण्याचा निर्णय जाहीर होताच कामगार संघटनांनी संपाची हाक दिली आणि सरकारला त्याच वर्षी संपबंदीचा कायदा आणावा लागला. पगारच सर्वस्व असता तर ही माणसं बिथरली असती का? त्यांचा सवाल सरळ होता : उद्या आमचा मालक कोण, आणि प्रतिनियुक्ती संपल्यावर आम्ही कुठे?

दुसऱ्यांना भंडाऱ्याची आठवण करून द्यावी लागते. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या निर्माणीतल्या स्फोटात आठ कामगार गेले. घरच्यांनी सुरक्षेबद्दल विचारलं, तर त्यांची देशभक्ती कमी ठरत नाही.

आता बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या युसूफ वडगावकडे या. इथल्या मुलाची अशा नोकरीसाठी निवड झाली की चारित्र्य पडताळणीचे कागद पोलीस ठाण्यात येतात. पोलीस पाटलाला विचारलं जातं, गावात चौकशी होते. बांधावरच्या भांडणात भावकीने रागाच्या भरात मुलाचंही नाव तक्रारीत घातलेलं असलं, तर गुणवत्ता यादी बाजूलाच राहते. बीड जिल्ह्यात मोर्चे, रास्ता रोको काही नवे नाहीत. त्यांतले गुन्हेही असेच आडवे येतात. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग खटल्यात तरुणपणीच्या घोषणाबाजीसारख्या क्षुल्लक प्रकरणाची माहिती दडवल्याकडे नोकरी देणाऱ्याला दुर्लक्ष करता येईल, असं म्हटलं. ‘करता येईल’ म्हटलं, ‘करावंच’ नाही. म्हणजे शेवटी सगळं साहेबाच्या मर्जीवर. अशा परीक्षेतून एकदा सुटलेला माणूस चार पैसे जास्त मिळतात म्हणून सहज उठून जाईल, हे शहरात बसून ठरवणाऱ्यांचं गणित आहे.

गोपनीयतेची किंमत तर निवृत्तीनंतरही मोजावी लागते. मे 2021 मधल्या निवृत्तिवेतन नियमांच्या दुरुस्तीनुसार डीआरडीओसारख्या संस्थांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या कामाबद्दल पूर्वपरवानगीशिवाय काही छापता येत नाही. मोडलं तर पेन्शनवर गदा. ज्याची उमेदीची वर्षं पाषाण किंवा दिघीच्या प्रयोगशाळेत गेली, त्याच्या नावावर जगाला दाखवण्याजोगं फारसं काही नसतं. म्हणून त्याला आपल्या माणसांत तरी मान हवा, वेळेवर बढती हवी. डीआरडीओत आणि अणुऊर्जा खात्यात शास्त्रज्ञांची बढती वरची जागा रिकामी होण्यावर अवलंबून नसते, ही सोय पगाराच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. ट्रॉम्ब्याच्या अणुसंशोधन केंद्रात काम करणाऱ्याच्या कुटुंबाला अणुशक्तीनगरात घर, शाळा, दवाखाना मिळतो, तेही त्या आकड्यात धरत नाहीत. गावाकडे आईचं ऑपरेशन निघालं, तर किती दिवसांची रजा मिळेल, हेही मुलं आधी विचारतात. रास्तच आहे.

पगाराला आम्ही कमी लेखत नाही. बापाच्या डोक्यावर सावकार बसलेला असेल, तर ‘वैज्ञानिक बी’ या सुरुवातीच्या पदाचं महिना 56,100 रुपये मूळ वेतन ही मोठी रक्कम आहे. पण तेवढ्याने माणूस दारातून आत येतो, आयुष्यभर बांधला जात नाही.

तेव्हा भरती करणाऱ्यांनी जाहिरातीत वेतनश्रेणीच्या खालीच छापावं : पडताळणीला जास्तीत जास्त किती महिने, कोणता गुन्हा आड येतो आणि कोणता येत नाही, निवृत्तीनंतर काय बोलता येणार नाही. युसूफ वडगावचं पोरगं ते वाचून स्वतः ठरवेल.