लाइकला कोठडी, अफवेला मोकळं रान

आपल्याकडे सध्या एक शहाणपण घरोघरी फुकट वाटलं जातं. ‘पोरांना सांगा, स्टेटस ठेवू नका, लाइक करू नका, कमेंटच्या भानगडीत पडू नका. गप्प बसा.’ सांगणारे वडीलधारे आहेत, काळजीपोटी सांगतात. त्यांच्या भीतीला कारणही आहे. पण हा इलाज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे आपल्याच पालघरने दोनदा दाखवून दिलं आहे.

पहिली गोष्ट २०१२ची. १७ नोव्हेंबरला बाळासाहेब ठाकरे गेले आणि मुंबईसह आसपासचा भाग बंद झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. तिथल्या शाहीन नावाच्या मुलीने फेसबुकवर लिहिलं की हा बंद आदरातून नाही, भीतीतून पाळला जातोय. तिची मैत्रीण रिनू हिने ते लाइक केलं. दोघींनाही अटक झाली. जमावाने शाहीनच्या काकांचं हॉस्पिटल फोडलं. आता सांगा, त्या पोस्टने एक तरी काच फुटली होती का? काचा जमावाने फोडल्या. तरी आधी अटक झाली ती लिहिणारीला आणि लाइक करणारीला. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, खटला मागे पडला आणि ज्या कलमाचा आधार घेतला होता ते आयटी कायद्याचं ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं.

दुसरी गोष्ट १६ एप्रिल २०२०ची. लॉकडाऊनच्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी फिरतेय, चोर आलेत, अशा अफवा पालघर जिल्ह्यात पसरल्या होत्या. डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावात जमावाने दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अशा तिघांना ठेचून मारलं. अत्यंत निर्घृण प्रकार. पण अफवेची भूक तेवढ्याने भागली नाही. व्हिडिओतल्या गोंगाटातलं ‘ओय बस’ हे कुणाला तरी ‘शोएब’ असं ऐकू आलं, आणि बघता बघता देशभर फिरलं की मारणारे मुसलमान होते. शेवटी गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या १०१ जणांची नावं जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुसलमान नाही. पहिल्या अफवेने तीन माणसं मारली. दुसरीने त्यांच्या प्रेतांवरून आणखी माणसं मारायची तयारी चालवली होती.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. एका मुलीने स्वतःच्या नावाने, स्वतःचं मत लिहिलं. तिला कोठडी. हजारो लोकांनी कुणाचंच नाव नसलेला मजकूर पुढे ढकलला. ते सगळे ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ म्हणून मोकळे. ही उलटी रीत आहे. आणि ‘गप्प बसा’ म्हणणारे याच रीतीला मान डोलावतात, कारण त्यांच्या सल्ल्याने नावाने बोलणारा तेवढा गप्प होतो. निनावी ढकलणारा कधीच गप्प होत नाही.

‘पण कोल्हापूर विसरलात का?’ असं कुणीतरी म्हणेल. नाही विसरलो. जून २०२३मध्ये काही पोरांच्या स्टेटसवरून तिथे दंगल झाली. स्टेटस मूर्खपणाचं असेल, चिथावणीचं असेल, तर पोलीस आहेत, कोर्ट आहे. ज्याने ठेवलं नाही त्याच्या दुकानावर दगड कशासाठी? आणि गप्प बसल्याने जीव वाचतो म्हणता, तर पुण्याचा मोहसीन शेख आठवा. जून २०१४मध्ये शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर आली म्हणून हडपसरमध्ये जमाव पेटला. मोहसीनचा त्या चित्रांशी काही संबंध नव्हता. नमाज पढून तो घरी चालला होता. त्याचा जीव गेला. तोंडाला कुलूप लावून सुरक्षित राहता येत असतं, तर तो आज जिवंत असता.

मात्र दुसऱ्यांच्या अफवांवर बोट ठेवताना आपल्या मोबाइलकडेही बघा. २०२१मध्ये कोरोनाच्या लसीबद्दल काय काय फिरवलं आपल्याच ग्रुपांवर! मुस्लिम वस्त्यांमध्ये लस घ्या हे सांगायला सलमान खानची मदत घेऊ, असं आरोग्यमंत्र्यांना म्हणावं लागलं. बातमी आली तर आधी शहानिशा करा, ही शिकवण जुम्म्याच्या बयानात ऐकायची आणि मशिदीच्या पायऱ्या उतरता उतरता अंगठ्याने फॉरवर्ड करायचं, हे ढोंग झालं.

भुईगावात बसून ‘हे सगळं बंदच करा’ म्हणणंही सोपं नाही. केळीच्या वाडीतला भाव, लोकलचा खोळंबा, रक्ताची गरज, मयतीचा निरोप, सगळं आता व्हॉट्सअ‍ॅपवरच कळतं. जुलै २०१८मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, नालासोपाऱ्यात रूळ बुडाले, तेव्हा अडकलेल्यांचे निरोप याच फोनवरून येत होते. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारण्यात आलं, तीही अफवा अशाच फोनांवरून फिरली होती. फोन तोच. धरणारा हात बदलतो.

आपल्या पलीकडच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०१९मध्ये साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून सोशल मीडियावर त्यांच्यावर किती राळ उडवली गेली! ते गप्प बसले नाहीत. प्रकृती साथ देत नसतानाही उस्मानाबादला गेले आणि व्यासपीठावरून स्वतःच्या नावाने, सर्वांसमोर बोलले.

म्हणून वडीलधाऱ्यांना विनंती आहे, पोरांना गप्प बसायला शिकवू नका. त्यांना एवढंच शिकवा: जे म्हणायचं ते स्वतःच्या नावाने, सभ्य शब्दांत म्हणा. ज्याच्याखाली कुणाचं नाव नाही, ते पुढे पाठवू नका. ग्रुपवर खोटं दिसलं तर तिथेच ‘हे खोटं आहे’ असं लिहा, पाठवणारा चाचा असो की मामू. ग्रुप अ‍ॅडमिन असाल तर काढून टाका. दुसऱ्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, जोवर त्याचा त्यात हात नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये सांगितलं आहे. कायद्याने सोडलं म्हणून माणुसकीच्या जबाबदारीतून कुणी सुटत नाही.

आणि पोलिसांकडे आपली मागणीही एवढीच असायला हवी: बोट शोधण्याआधी दगड शोधा.